विश्लेषण : फौजी गावी परतला, ग्रामसभेत बसला... माजी सैनिकांमुळे गावची लोकशाही बळकट होते का?

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागते, तर कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात एका गावाचे नावच ‘सैनिक टाकळी’ आहे. महाराष्ट्रात अशा फौजी गावांची कमी नाही. साधा जवान साधारण ३५ ते ४० व्या वर्षी निवृत्त होऊन घरी येतो. कोणी शेती बघतो, कोणी बँकेच्या दारात सुरक्षारक्षक म्हणून उभा राहतो, तर कोणी गावच्या कारभारात लक्ष घालू लागतो. हा तिसरा फौजी गावाला नेमके काय देतो? ‘शिस्त’ हे उत्तर लगेच सुचते, पण ते अर्धेच आहे.

नोकरीत असताना राजकारण का नाही?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार सशस्त्र दलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते. १९५० च्या लष्कर कायद्यानुसार सेवेतील सैनिकाला राजकीय सभा, संघटना, वृत्तपत्रांत लिखाण यांबाबत बंधने असतात. टपाली मतदानाचा हक्क मात्र असतो. म्हणजे गावचा मुलगा ऐन उमेदीची १५-२० वर्षे सार्वजनिक वादापासून लांब राहतो आणि निवृत्तीनंतर पूर्ण नागरिक म्हणून परततो. तेव्हा सर्वसाधारण मतदार यादीत नाव आहे का, हे आधी पाहावे लागते. नसेल तर नमुना ६ भरावा लागतो. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. माजी सैनिकांसाठी ग्रामपंचायतीत राखीव जागा नसते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

राळेगणसिद्धीत काय घडले?

सर्वात ठळक उदाहरण अर्थातच किसन बाबूराव ऊर्फ अण्णा हजारे यांचे. लष्करात ट्रकचालक असलेले हजारे १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात होते आणि हल्ल्यातून थोडक्यात बचावले. १९७५ मध्ये निवृत्त होऊन ते पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीला परतले. गाव दुष्काळी, हाताला काम नाही आणि दारूच्या भट्ट्या मात्र जोरात. स्वतःच्या पैशातून त्यांनी संत यादवबाबांचे मंदिर दुरुस्त केले, तेथे लोक जमू लागले. पुढे विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीच्या विचारातून पाणलोटाची कामे झाली. बांध, नालाबंडिंग, श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी यांतून विहिरींना पाणी आले.

याच कहाणीचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. दारू न सोडणाऱ्यांना मंदिराजवळच्या खांबाला बांधून फटके दिले गेले. खुद्द हजारे यांनी ही गोष्ट लपवलेली नाही. गावातली दारू गेली हे खरे. पण खांबाला बांधलेल्या माणसाला अपील करायला जागा नव्हती. त्याच्या विरोधात तक्रार करणारा, शिक्षा ठरवणारा आणि शिक्षा देणारा, तिघेही एकाच बाजूचे होते. पलटणीत हुकूम चालतो, कारण तिथे हुकमाच्या मागे कायदा आणि वरिष्ठांची साखळी असते. गावात त्यामागे फक्त एका माणसाचा दरारा असतो. हा दरारा चांगल्या माणसाचा असला तरी पुढच्या माणसाच्या हाती तो तसाच जातो, याची काळजी अभ्यासकांनी वेळोवेळी बोलून दाखवली आहे.

गावात ग्रामपंचायतीची निवडणूक कित्येक वर्षे बिनविरोध होत होती. जानेवारी २०२१ मध्ये तेथे प्रत्यक्ष मतदान झाले, तेव्हा त्याचीच बातमी झाली. बिनविरोध निवडीला बक्षीस देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. वाद टळतो, खर्च वाचतो हे मान्य. पण कारभाऱ्यांना प्रश्न विचारणारी दुसरी बाजूच सभागृहात नसेल, तर तेही नुकसानच.

मग फटक्यांऐवजी दुसरा मार्ग कोणता?

दारूच्या प्रश्नावर तो नंतर कायद्यातच आला. दारूबंदीच्या चळवळींच्या रेट्यामुळे महाराष्ट्रात ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदानाची सोय झाली. गावातील २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की गुप्त मतदान घेतले जाते. एकूण महिला मतदारांपैकी ५० टक्क्यांहून अधिक मते ‘आडव्या बाटली’ला पडली, तर परवानाधारक दुकान बंद होते. मेख अशी, की टक्केवारी एकूण यादीवर मोजली जाते. त्यामुळे घरी बसलेली बाई नकळत दुकानदाराच्या बाजूने जाते.

हजारे यांचा स्वतःचा प्रवासही खांबाकडून कागदाकडे झाला. १९९० च्या दशकात ते भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत उतरले. फाइल हातात आल्याशिवाय आरोप टिकत नाही, हे तेव्हा कळले असणार. महाराष्ट्राचा २००० मधला माहिती अधिकार कायदा पातळ होता. आंदोलनानंतर राज्याला अधिक कडक कायदा मिळाला आणि २००५ मध्ये देशभराचा कायदा आला. दिल्लीतील २०११ चे उपोषण जगभर गाजले. पण आमच्या मते राळेगणच्या फौजीची सर्वात टिकाऊ कमाई म्हणजे दहा रुपयांचा अर्ज आणि ३० दिवसांत उत्तर देण्याचे बंधन. तो अर्ज करायला कोणाचा दरारा लागत नाही.

निवृत्त जवान आज गावात काय करू शकतो?

ग्रामसभेपासून सुरुवात होते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ती सहसा ठेवली जाते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी कमी असेल तेवढी संख्या पुरते. माणसे आली नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नसते. मग दहा-बारा जणांच्या सह्यांवर घरकुलाच्या याद्या आणि वार्षिक आराखडे मंजूर होतात. कितीतरी गावांचा कारभार याच फटीतून चालतो.

इथे फौजीची सवय कामाला येते. हजेरी घेणे, वेळेवर येणे, नोंदवही तपासणे, साहित्य किती आले आणि किती लागले याचा ताळा लावणे, हे त्याने वर्षानुवर्षे केलेले असते. शंभर माणसे जमवणे, मागच्या सभेचे इतिवृत्त वाचायला लावणे, ठराव लिहून झाल्यावरच सही करणे, एवढे झाले तरी ग्रामसेवक सावध होतो. सरपंचपदच हवे असे नाही. निम्मी पदे महिलांसाठी राखीव आहेत, त्यामुळे घरातील बाईला उभे करून स्वतः खुर्चीत बसण्याचा मोह माजी सैनिकालाही सुटत नाही. ‘सरपंचपती’ निवृत्त सुभेदार असला म्हणून ती गोष्ट चांगली ठरत नाही.

अग्निवीर आल्यावर चित्र बदलेल?

बदलण्याची शक्यता आहे. निवृत्त हवालदार सरपंचाला उलट प्रश्न विचारू शकतो, त्यामागे शिस्तीपेक्षा पेन्शन मोठे कारण आहे. त्याचे महिन्याचे पैसे गावातला कोणी रोखू शकत नाही. कारखान्यातली नोकरी, सोसायटीचे कर्ज, रस्त्याचा ठेका यांसाठी तो कोणाच्या दारात उभा नसतो.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीरांना कायम केले जाईल, असे ठरले. बाकीचे सेवा निधीची एकरकमी रक्कम घेऊन परततील, पेन्शन नसेल. भरतीचे किमान वय साडेसतरा असल्याने यांतले अनेक जण पंचविशीच्या आत घरी येतील. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायला २१ वर्षे पुरी लागतात, म्हणजे तेवढे वय त्यांच्याकडे असेल. पण हाच मुलगा त्या वेळी नोकरीसाठी अर्जही करत असेल आणि शिफारशीची चिठ्ठी बहुधा त्याच पुढाऱ्याकडून लागेल, ज्याच्या कामाचा हिशेब ग्रामसभेत मागायचा आहे.