गोधडी कशी शिवतात

(इयत्ता चौथी)

आपल्यातले पुष्कळजण रात्री गोधडी पांघरून झोपतात. पण ती कशी शिवतात, हे विचारले तर सगळ्यांना सांगता येत नाही. यंदा मे महिन्यात आमच्या घरी तीन गोधड्या शिवल्या. सुईत दोरा ओवून द्यायचे काम माझ्याकडे होते. म्हणून मी ही माहिती लिहीत आहे.

गोधडीला सातारा, कोल्हापूरकडे वाकळ म्हणतात. कर्नाटकात कौदी म्हणतात. बंगालमध्ये कांथा आणि बिहारमध्ये सुजनी म्हणतात. आपल्या शेजारच्या उल्हासनगरात १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे राहिली. सिंधमध्ये ठिगळांच्या गोधडीला रल्ली म्हणतात. म्हणजे नावे वेगळी, पण युक्ती एकच. जुने कापड एकावर एक ठेवायचे आणि टाके घालून जोडायचे. विदर्भातले संत गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) अंगावर चिंध्या पांघरत, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत.

साहित्य : जुनी सुती लुगडी किंवा साड्या, धोतर, चादरी, जाड सुती दोरा, लांब सुई, कात्री, मेणाचा तुकडा, बोटात घालायला अंगुस्तान.

कापड सुतीच पाहिजे. सुती कापड घाम शोषते. नायलॉनचे कापड घाम शोषत नाही आणि शिवताना सारखे सरकते. जीन्सचे कापड मजबूत असते, पण त्यातून सुई जात नाही, हात दुखतो. ते गोधडीत घालू नये. कापड आधी धुऊन कडकडीत वाळवावे. नवे कापड न धुता घातले तर ते नंतर आटते आणि गोधडीला चुण्या पडतात. हुक, बटणे काढून टाकावी, नायतर रात्री टोचतात.

कृती : आधी जमीन झाडून स्वच्छ करावी. खालचे कापड ताणून अंथरावे. चारी कोपऱ्यांवर पाट किंवा डबे ठेवावे, म्हणजे ते हलत नाही. मग त्यावर आतले कापड लावावे. आत फाटके, विटके कापड चालते, पण भोकावर ठिगळ ठेवावे. दोन तुकड्यांच्या कडा एकमेकांवर जास्ती चढल्या तर तिथे गाठीसारखे लागते. सगळ्यात वर चांगल्या रंगाचे कापड घालावे.

मग मधून कडेकडे लांब लांब कच्चे टाके घालावे. मधून सुरुवात केली की सुरकुत्या कडेला निघून जातात. त्यानंतर कडा आत दुमडून शिवाव्या. मग पक्का धावदोरा घालायचा. आमच्याकडे एका कोपऱ्यातून सुरू करतात आणि कडेकडेने फिरत फिरत मधे येतात. दोरा मेणावरून ओढून घेतला की गुंता होत नाही. दोरा हातभरच घ्यावा. शेवटी कच्चे टाके उसवून टाकावे आणि चारी बाजूंना वेगळ्या रंगाचा गोट लावावा.

एक महत्त्वाची गोष्ट. शिवायला बसताना सुया मोजाव्या आणि उठताना पुन्हा मोजाव्या. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत कोणी गोधडीवर बसायचे नाही.

आता थोडे गणित. लुगडे नऊ वार असते. एक वार म्हणजे तीन फूट. ९ × ३ = २७ फूट. त्याचे चार सारखे तुकडे केले तर एकेक तुकडा पावणेसात फूट लांब होतो. म्हणजे एका लुगड्याचे चार पदर मिळतात आणि मोठा माणूस पाय पसरून झोपेल एवढी गोधडी होते. तिची लांबी ८१ इंच झाली. रुंदी ४५ इंच धरू. दोन ओळींत एक इंच अंतर ठेवले तर ८१ × ४५ = ३६४५ इंच धावदोरा घालावा लागतो. म्हणजे तीनशे फुटांपेक्षा जास्त! एका इंचात दोन टाके धरले तर ७२९० टाके होतात. हे गणित गुरुजींनी तपासले आहे. म्हणून कोणी गोधडी पायाने सरकवू नये.

आमच्या तीन गोधड्या आजीच्या लुगड्यांच्या आहेत. आजी मागच्या पावसाळ्यात वारली. तिची तीन लुगडी पेटीत होती. एक हिरवे, एक डाळिंबी आणि एक निळे. आत्या म्हणाली, "हिरवं मला पाहिजे, ते आई सणाला नेसायची." काका म्हणाला, "मलापण तेच पाहिजे." बाबा काहीच बोलले नाहीत. दोन दिवस घरात कोणी नीट बोलत नव्हते. मग आईने सांगितले की, तिन्ही लुगडी कापूया. तीन लुगड्यांचे बारा तुकडे झाले. प्रत्येक गोधडीला चार तुकडे लागतात. प्रत्येकाला एक हिरवा, एक डाळिंबी, एक निळा असे तीन मिळाले. उरले तीन तुकडे. त्यातला हिरवा आत्याला दिला, डाळिंबी काकाला आणि निळा आम्हांला. कात्री लावताना आत्या रडली, पण नंतर सगळ्यात जास्ती टाके तिनेच घातले. आई, आत्या आणि काकू रोज दुपारी ओटीवर बसायच्या. महिना संपायच्या आत तिन्ही गोधड्या झाल्या.

गोधडी ऊबदार का असते? गोधडी स्वतः गरम नसते. तिच्या पदरांच्या मधे हवा अडकून राहते. हवेतून उष्णता लवकर बाहेर जात नाही. म्हणून आपल्याच अंगाची उष्णता आपल्याजवळ राहते. गोधडी मळून चपटी झाली की हवा कमी होते आणि थंडी लागते. म्हणून ती उन्हात घालून झटकावी.

गोधडीचा आणखी एक उपयोग बाबा सांगतात. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीला मोठा पूर आला. आमच्या घरात पाणी शिरले. कापसाची गादी भिजली आणि तिचे गोळे झाले. ती टाकून द्यावी लागली. गोधड्या मात्र धुतल्या आणि पाऊस उघडल्यावर दोन दिवसांत वाळल्या. त्याच सगळ्यांनी पांघरल्या.

उरलेल्या तुकड्यांच्या उशा : दोन सारखे चौकोन कापावे. चांगली बाजू आत ठेवून तीन बाजू शिवाव्या. मग खोळ उलटवावी. कापूस भरताना आधी कोपरे भरावे, नायतर उशी गोल दिसते. चौथी बाजू बारीक टाक्यांनी बंद करावी. वरचा अभ्रा दीड इंच मोठा करावा, म्हणजे काढून धुता येतो. आपल्याकडच्या डोंगरात काटेसावर असते. तिला होळीच्या सुमारास लाल फुले असतात आणि उन्हाळ्यात बोंडे फुटतात. तो कापूस आखूड आणि गुळगुळीत असल्यामुळे त्याचा दोरा नीट निघत नाही, पण उशीला फार छान, मऊमऊ असतो.

गोधडीचा गोट, उशीचे अभ्रे आणि खिडकीचा पडदा एकाच कापडाचे केले तर साधी खोलीसुद्धा सजवल्यासारखी दिसते. आम्ही दिवसा अंथरुणे घडी करून पेटीवर रचतो आणि सगळ्यात वर नवी गोधडी घालतो. पाहुणे आले की आधी तिच्याकडेच बघतात.

काही मुले म्हणतात, शिवणे हे मुलींचे काम. पण गावातले शिंपीकाका पुरुषच आहेत. संत नामदेवसुद्धा शिंप्याच्या घरचे होते. म्हणून मुलग्यांनीपण सुई धरायला शिकावे.

पालकांना विनंती आहे की, जुनी सुती लुगडी बोहारणीला द्यायच्या आधी एकदा घरात विचारावे. आणि ज्यांच्या घरी गोधडी वेगळ्या तऱ्हेने शिवतात, त्यांनी आपली पद्धत पुढच्या भित्तिपत्रकासाठी लिहून द्यावी.