चॉकलेट मॉल्ट संपलंय, ब्राउन एल मात्र आजच

पहाटे 5
फेब्रुवारीत पिंपळगाव बसवंत माझ्या आधी उठतं. द्राक्षतोडणीचे मजूर घेऊन पिकअप बागांकडे निघालेल्या असतात. मी स्वयंपाकघरातली बरणी पिशवीत टाकतो. तिच्यात साधं पेल मॉल्ट आहे, ओटीजीत 175 अंशांवर अर्धा तास, मधूनमधून हलवत भाजलेलं. ताज्या भाजलेल्या मॉल्टचा वास उग्र, घशाला लागणारा असतो. तो जायला दोन आठवडे बरणी बंद ठेवावी लागते. “त्या ओटीजीत कधी केकपण कर की रे,” असं आईचं म्हणणं.

सकाळी 7
ओझर मागे टाकून नाशिक. तिथल्या एका मायक्रोब्रुअरीत मी ब्रुअर आहे. वाइनच्या मुलुखात हे काम समजावून सांगताना दमछाक होते. बिअरपण द्राक्षांचीच का, असं पाहुणे अजून विचारतात. बार्लीला मोड आणून वाळवलं की मॉल्ट, इथून सुरुवात करावी लागते.

सकाळी 8
मॉल्टची खोली. आज वीस लिटरची चाचणी बॅच, ब्राउन एल या तपकिरी बिअरची. कागदावर 4 किलो पेल, 300 ग्रॅम मध्यम क्रिस्टल, 150 ग्रॅम चॉकलेट मॉल्ट. शेवटची दोन्ही पोती रिकामी. आपल्याकडे बार्ली मुख्यतः राजस्थानात पिकते, साधं मॉल्ट देशात मिळतं. ही खास मॉल्टं मात्र बहुतेक जर्मनी-इंग्लंडहून येतात, आणि बोटीची वाट बघत बसलं तर टाकी रिकामी राहते.

अशा वेळी नवशिका नावाशी मिळतंजुळतं पोतं शोधतो. मी विचारतो, हे मॉल्ट रेसिपीत काम काय करत होतं?

क्रिस्टलचं काम गोडवा आणि अंग. ते ओलं असतानाच गरम केलेलं असतं, त्यामुळे दाण्याच्या आतच साखर तयार होऊन तिचं कॅरमेल होतं. त्यातला बराचसा भाग यीस्टला खाता येत नाही, म्हणून तो गोडवा ग्लासापर्यंत पोचतो. ‘मग गूळ टाका की!’ हा सल्ला मला निफाड तालुक्यातल्या प्रत्येक ऊसवाल्याने दिलाय. गुळातली साखर यीस्ट जवळजवळ सगळी फस्त करतं. रंग थोडा येतो, अल्कोहोल वाढतं, बिअर मात्र उलट हडकुळी होते.

माझ्याकडे 100 ईबीसी रंगाचं फिकं क्रिस्टल आहे आणि 240 चं गडद. हवंय 150. फिकं 190 ग्रॅम, गडद 110 ग्रॅम. सरासरी जवळपास 150 वरच येते. चवीला हुबेहूब जुळत नाही, कारण गडद क्रिस्टलमध्ये मनुका आणि जळक्या साखरेची छटा येते. ब्राउन एलला ती शोभते.

सकाळी 9:30
आता चॉकलेट मॉल्ट. त्यात चॉकलेट नसतं. रंग आणि भाजलेपणा, एवढंच त्याचं काम. 150 ग्रॅम, सुमारे 900 ईबीसी. शिल्लक आहे ब्लॅक मॉल्ट, 1300 चं. 1817 साली डॅनियल व्हीलरने भाजण्याच्या पिंपाचं पेटंट घेतलं, तेव्हापासून इंग्लंडमध्ये चालत आलेली ही चीज. रंगापुरतं 100 ग्रॅम पुरे. पण ते राखेसारखं कडवट उतरतं आणि बदामी, बिस्किटी चव देत नाही. ती उणीव बरणीतलं मॉल्ट भरून काढेल, 300 ग्रॅम. तेवढंच पेल कमी. भाजलेली बार्ली हाताशी होती, ती मुद्दाम टाळली. तिने बिअर कॉफीकडे झुकते, स्टाउटच्या वाटेला लागते.

सकाळी 10:30
मॅश, म्हणजे दळलेलं मॉल्ट गरम पाण्यात, 67 अंशांवर. ब्लॅक मॉल्ट बाजूला दळून ठेवलंय. ते शेवटच्या पंधरा मिनिटांतच वरून पसरायचं, म्हणजे रंग उतरतो आणि कडवटपणा कमी. ते पसरल्यावर दहाव्या मिनिटाला चमचाभर चाखलं: आधी बिस्किट, मग मनुका, शेवटी अगदी पुसट जळकी छटा.

दुपारी 12 ते 2
उकळणं, हॉप्स, थंड करणं, धुणं. ब्रुअरचा निम्मा दिवस धुण्यात जातो, त्याबद्दल कोणी लेख मागत नाही. घनता 1.048 भरली. 19 अंशांवर यीस्ट.

दुपारी 3
रजिस्टर. चाचणीची असली तरी बॅचची नोंद झालीच पाहिजे, उत्पादन शुल्काचा अधिकारी कधीही येऊ शकतो. ब्रिटनमध्ये 1963 पासून घरी बिअर करायला परवाना लागत नाही, अमेरिकेत 1978 साली केंद्राच्या कायद्याने वाट मोकळी केली. महाराष्ट्रात मूळ मुंबईचा 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय गाळलेला एक लिटरही गुन्हाच.

संध्याकाळी 5
चोथा गोठ्यावर पोचता केला. दिवसभरात जनावरांना घातला नाही तर आंबतो.

घरी प्रयोग करायची हौस असेल तर मॉल्ट खुशाल भाजा, त्याची भाकरी करा, सत्त्व करा. यीस्ट घालायचा बेत असेल, तर आधी परवान्याचा अर्ज भरा.