'हॅव' या क्रियापदाचे अर्थ आणि वापर



तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "टीचर, आय ॲम फीवर." वर्ग हसला. पुढे बरेच दिवस ती इंग्रजीत बोललीच नाही. खरं तर तिचं गणित बरोबर होतं. 'मला ताप आहे' मध्ये 'आहे' आहे, मग 'ॲम' का नको? अडचण अशी की 'हॅव'साठी मराठीत एकच असा शब्द नाही. म्हणून अर्थ वेगवेगळे करून शिकवूया.

१. जवळ असणे, नाते, आजार : माझ्याकडे पेन आहे – आय हॅव अ पेन. मला दोन भाऊ आहेत – आय हॅव टू ब्रदर्स. मला ताप आहे – आय हॅव अ फीवर. म्हणजे 'माझ्याकडे' आणि 'मला', दोन्हींच्या जागी 'आय'.

२. खाणे-पिणे, करणे : वुई हॅव लंच ॲट वन. म्हणजे आम्ही एक वाजता जेवतो.

३. करावे लागणे : आय हॅव टू गो – मला जावं लागेल.

४. काम पूर्ण होणे : आय हॅव फिनिश्ड – माझं झालंय. इथे 'हॅव' फक्त मदतनीस आहे.

मुलं हमखास कुठे चुकतात?

'तिला दोन भाऊ आहेत' यात 'आहेत' हे भावांमुळे येतं. म्हणून मुलं 'शी हॅव टू ब्रदर्स' लिहितात. इंग्रजीत मात्र भाऊ मोजायचे नाहीत, ते कोणाचे आहेत ते बघायचं. ही, शी, इट किंवा एकाचं नाव असेल तर 'हॅज', बाकी सगळ्यांना 'हॅव'. भूतकाळात सर्वांना 'हॅड'.

'डज' किंवा 'डझन्ट' आलं की 'हॅज'चं पुन्हा 'हॅव' होतं : शी डझन्ट हॅव अ पेन.

आणि 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे आपण मोठेही बोलतो! मालकी किंवा नातं सांगताना 'हॅविंग' नको. 'आय ॲम हॅविंग लंच' मात्र चालेल, कारण जेवण चालू आहे.

घरी किंवा वर्गात एक खेळ घ्या. मुलाने दप्तरातली एक वस्तू दाखवून 'आय हॅव...' म्हणायचं, शेजारच्याने त्याच्याबद्दल 'ही हॅज...' किंवा 'शी हॅज...' सांगायचं. पाच मिनिटांत दोन्ही रूपं तोंडात बसतात.

आणि मूल चुकलं तर हसू नका. 'ओह, यू हॅव अ फीवर?' असं बरोबर वाक्य आपणच सहज बोला. ते ऐकून शिकेल, आणि बोलत राहील.