पंपाला पाना लावण्याआधी धूर बघा

मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला आणि नेमका त्याच सकाळी जुना ट्रॅक्टर सेल्फला दाद देईना. चार माणसं जमतात. त्यातला एक ठामपणे सांगतो, "टायमिंग गेलंय, पंप खोला." घात होतो तो इथेच. पेरणीच्या दिवसांत उघडलेला पंप दुकानात अडकला, की भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं.

टायमिंग म्हणजे डिझेल सुटण्याची वेळ. पिस्टन हवा दाबत वर येतो, हवा तापते. पिस्टन माथ्यावर पोचण्याआधीच नोझलमधून डिझेल सुटायला हवं. बऱ्याच जुन्या इंजिनांत ही वेळ माथ्याआधी २० ते २५ अंशांच्या आसपास असते. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तकातच बघावा.

डिझेल लवकर सुटलं तर इंजिन कडक ठोके देतं. उशिरा सुटलं तर इंजिन लवकर चालू होत नाही, पांढरा धूर येतो, नांगराला ओढ राहत नाही, इंजिन तापतं आणि डिझेल जास्त जातं.

पण हीच लक्षणं दुसऱ्या दोषांचीही असतात. म्हणून आधी बिनखर्चाच्या गोष्टी तपासा. टाकीचा कॉक, फिल्टर आणि लाइनमधली हवा बघा. काळा धूर असेल तर एअर क्लीनर साफ करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, त्यात टायमिंगचा दोष नाही. मग टॅपेटचं अंतर आणि शेवटी नोझल. नोझलचा फवारा दुकानातच तपासून घ्यावा. त्यासमोर हात धरू नये. दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. तसं झालं, तर जखम बारीक दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा.

एवढं करूनही दोष राहिला, तर पंपाकडे वळा. नुकताच पंप काढून बसवला होता का, इंजिन उघडलं होतं का, हे आठवा. गिअरचा एक दात चुकला तरी टायमिंग बिघडतं. पंपाचे बोल्ट ढिले झाले असतील तर तेही बघा.

उभ्या रांगेच्या पंपात मिस्त्री एक नंबरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढतात आणि फ्लायव्हील सावकाश फिरवतात. डिझेलची धार तुटून थेंबावर येते, त्या क्षणी फ्लायव्हीलची खूण जुळायला हवी. धार खुणेआधी तुटली तर टायमिंग पुढे आहे, नंतर तुटली तर मागे. गोल पंपाची रीत वेगळी असते, त्यावर हा प्रयोग करू नये.

पंप हलवण्याआधी पंप आणि इंजिन यांच्या जोडावर छिन्नीने एक बारीक रेघ मारा. मग केसभरच सरकवा, बोल्ट आवळा आणि पुन्हा तपासा. अंदाज चुकला तर रेघेवर परत येता येतं. रेघच नसेल तर मिस्त्रीलाही सुरुवातीपासून शोधावं लागतं, आणि तोवर वाफसा उडून जातो.