पहिला महिना फुकट!

गेल्या महिन्यात आमच्या अण्णांना एक पत्र आलं. 'तुम्ही आम्हाला सोडून गेलात. तुमची फार आठवण येते. परत या, या वेळी निम्म्या किमतीत!' असा त्याचा मजकूर. पत्र अर्थातच कागदी नव्हतं. ई-मेल होतं, अण्णांच्या नावाने माझ्या मुलाच्या मोबाइलवर आलेलं. मुलाने ते हसत हसत सगळ्यांना वाचून दाखवलं. आम्हीही हसलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली रे." आणि हसणं तिथेच थांबलं.

झालं होतं ते असं. हिला वाचनाचं वेड, पण अलीकडे डोळे फार वेळ साथ देत नाहीत. तेव्हा मुलाने तिला मोबाइलवर पुस्तकं ऐकण्याची सोय करून दिली. कोणीतरी कादंबरी छान वाचून दाखवतं आणि इकडे पोळ्या लाटता लाटता ती ऐकता येते. पहिला महिना फुकट होता. महिना संपायच्या आदल्या दिवशी मुलाने वर्गणी रद्द केली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या नावाने नवा 'पहिला महिना' सुरू केला. मग मुलीच्या, मग त्याच्या स्वतःच्या. पैशांचा तपशील द्यावा लागे, पण घरात वेगवेगळ्या बँकांची कार्डं होतीच. घरातली जिवंत माणसं संपली, तेव्हा अण्णांची पाळी आली. त्यांचा जुना मोबाइल क्रमांक आम्ही अजून चालू ठेवला आहे, त्यामुळे अडचण काहीच आली नाही.

मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणून मी सुटू शकत नाही. चार महिने मीही रात्री ऐकत होतो, आणि एकदाही कोणाच्या नावावर ऐकतोय हे विचारलं नव्हतं. 'फुकट ते पौष्टिक' ही आपली लाडकी म्हण. ती म्हणताना आपण स्वतःलाच हसतो आणि त्या हसण्यात स्वतःला माफही करून टाकतो.

त्या संध्याकाळी मुलाशी बोलणं झालं. मी जरा आवाज चढवूनच सुरुवात केली, पण त्याच्याकडे उत्तरं तयार होती.

"बाबा, यात कोणाचं काय गेलं? आंब्याची फोड खाल्ली तर आंबा संपतो. इथे आपण ऐकलं म्हणून पुस्तक कमी होत नाही. आणि ह्या कंपन्या काय साध्या आहेत? फुकट म्हणतात, कार्डाचा नंबर घेतात आणि आपण विसरलो की गुपचूप पैसे कापतात. त्यांनी आपल्या विसरभोळेपणावर धंदा करायचा आणि आपण मात्र सत्यवान व्हायचं?"

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. फुकट देणं हा धर्मादाय नसतो. २०१६ च्या ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली, ती वर्षअखेरपर्यंत फुकट होती. पुढे मुदत ३१ मार्च २०१७ पर्यंत वाढली. तोवर लोकांना त्या इंटरनेटची सवय लागली, आणि सवयीलाच पुढे किंमत असते. विसरणाऱ्याचे पैसे कापले जाण्याची तक्रारही खरी आहे. म्हणूनच रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून अशी आपोआप वसुली करण्याआधी किमान चोवीस तास ग्राहकाला सूचना द्यावी लागते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी दिशाभुलीच्या तेरा तऱ्हा ठरवून त्यांना मनाई केली. त्यांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हणजे वर्गणीचा सापळाही आहे: आत शिरायला एक बटण आणि बाहेर पडायला भूलभुलैया.

तेव्हा एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. एकदा फुकट चाचणी घेऊन, पुरता महिना वापरून, शेवटच्या दिवशी 'नको' म्हणण्यात काहीही गैर नाही. तो व्यवहार दोन्ही बाजूंनी ठरलेला असतो. आंबेवाला फोड कापून देतो, आपण चव बघतो आणि 'राहू दे' म्हणून पुढे जातो. त्यात त्याचा अपमान नाही आणि आपल्याला लाज नाही. पण संध्याकाळी टोपी बदलून त्याच आंबेवाल्यापुढे नवखं गिऱ्हाईक म्हणून उभं राहायचं, दुसऱ्या दिवशी चष्मा लावून जायचं, असं करत मोसमभर आंबे खायचे, याला चव बघणं म्हणत नाहीत. हे आपण आंबेवाल्याशी करणार नाही, कारण तो आपल्या डोळ्यांत बघतो. मोबाइलच्या पडद्याला डोळे नाहीत, एवढाच काय तो फरक.

माझी नोकरी बँकेत गेली. सही जुळते की नाही हे बघण्यात कित्येक वर्षं काढली. एखादा मुलगा वडिलांची सही करून पैसे काढायला येई आणि पकडला गेला की म्हणे, "घरचेच तर आहेत, साहेब." रक्कम शंभराची असो की लाखाची, आम्ही चेक परतच करायचो. प्रश्न रकमेचा नसतोच. सही ही त्या माणसाने स्वतः दिलेली ग्वाही असते. आणि माझ्याच घरात, हयात नसलेल्या माझ्या वडिलांच्या नावाने 'मी नवा ग्राहक आहे, मला अटी मान्य आहेत' अशी ग्वाही दिली गेली होती.

'कोणाचं काय गेलं?' या प्रश्नाचं उत्तर मात्र मला भाचीकडून मिळालं. ती पुण्यात अशीच पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. तासाभराचं नीट ऐकता येईल असं वाचन हाती यायला तिला स्टुडिओत निदान दोन तास बसावं लागतं. पंख्याचा आवाज नको, घसा खाकरायला नको, एक शब्द अडखळला की वाक्य पुन्हा. मी फोनवर तिला आमचा पराक्रम सांगितला. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मामा, मराठी पुस्तकं ऐकणारे खूप आहेत. पैसे देणारे कमी दिसले, की पुढच्या वर्षी पुस्तकंच कमी घेतात." म्हणजे आंबा संपत नाही हे खरं, पण कलम लावणारा थांबतो.

आणि ज्याला खरोखरच परवडत नाही, त्याने काय करावं? त्यालाही खोटं नाव घ्यायची गरज नसते. काही सेवा विद्यार्थ्यांना सवलत देतात, काही कुटुंबासाठी एकत्र वर्गणी ठेवतात. एक महिना पैसे भरून मनसोक्त ऐकावं आणि पुढचे दोन महिने बंद ठेवावं, हेही चालतं. गावातलं वाचनालय तर आहेच.

वाचनालयावरून अण्णांचीच आठवण येते. दर महिन्याच्या एक तारखेला ते वर्गणी भरायला जात. एकदा पुस्तक दोन दिवस उशिरा परत गेलं आणि ग्रंथपालांच्या लक्षातच आलं नाही. घरी आल्यावर अण्णांना ते आठवलं. भर उन्हात पुन्हा सायकल काढून ते दंडाचे काही पैसे देऊन आले. आई वैतागून म्हणाली, "त्यांनी मागितले होते का?" अण्णा म्हणाले, "त्यांनी मागितले नाहीत म्हणून तर गेलो." हा किस्सा मी मुलांना अनेकदा कौतुकाने सांगितला आहे. त्यांनी तो ऐकलाही होता. पण मुलं किस्से ऐकतात आणि आपलं वागणं बघतात. चार महिने फुकट ऐकताना त्यांनी मला एकदाही अस्वस्थ झालेलं बघितलं नव्हतं.

आता हिच्या नावाने रीतसर वर्षाची वर्गणी भरली आहे. नूतनीकरणाच्या तारखेला भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल खूण केली आहे, म्हणजे विसरायला नको आणि कोणाला दोष द्यायलाही नको.

अण्णांच्या नावाचं खातं मुलाने माझ्यासमोर बसून बंद केलं. शेवटी पडद्यावर प्रश्न आला : 'तुम्ही का सोडून जात आहात?' खाली पर्याय होते. किंमत जास्त वाटते. वेळ मिळत नाही. हवी ती पुस्तकं नाहीत. इतर. मुलगा थोडा वेळ थांबला, मग त्याने 'इतर'वर बोट ठेवलं.