वितळलेले खिळे, टिकलेले ठसे

श्रद्धावान् मनुष्यावर संकट येत नाहीं, आणि आलेंच तर देव तें तात्काळ निवारतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती कितपत खरी आहे हें विल्यम कॅरे ह्यांच्या चरित्रावरून आम्ही सांगूं इच्छितों.

पूर्वीं जोडे शिवण्याचा धंदा करणारे कॅरे १७९३ सालीं इंग्लंडाहून बंगाल्यांत आले. दुसऱ्याच वर्षीं त्यांचा लहान मुलगा वारला. पत्नीस मनोविकार जडला. कृष्ण पाल ह्या सुताराचा बाप्तिस्मा होण्यास १८०० सालचा डिसेंबर उजाडला. तोंपर्यंत सात वर्षें श्रमाचें फळ दिसलें नाहीं. पुढें हुगळीतीरावरील श्रीरामपूर येथें कॅरे, मार्शमन व वॉर्ड हे आपली मिळकत सामाईक निधींत घालून निर्वाहापुरतेंच घेत व छापखाना चालवीत. वैजनाथ पंडितांच्या साह्यानें कॅरे ह्यांनीं तेथून १८०५ त मराठी व्याकरण, १८१० त मराठी कोश व १८११ त मराठी नवा करार प्रसिद्ध केला.

११ मार्च १८१२ रोजीं त्या छापखान्यास आग लागली. अनेक भाषांचे खिळे, कागदाचे गठ्ठे आणि कित्येक वर्षें खपून लिहिलेलीं हस्तलिखितें भस्म झालीं.

येथें खिळा कसा होतो तें समजून घ्यावें. पोलादाच्या तुकड्यावर प्रथम उलटें अक्षर कोरतात, हा ठसा. तो तांब्यावर ठोकला म्हणजे अक्षराचा साचा उमटतो, आणि साच्यांत शिशाचा रस ओतून हवे तितके खिळे पाडतां येतात. श्रीरामपुरास राख उपसली तेव्हां ठसे व साचे शाबूत सांपडले. वितळलेलें शिसें गोळा करून त्याचेच नवे खिळे पाडण्यांत आले व बचावलेलीं यंत्रें पुन्हां चालूं लागलीं.

हस्तलिखितांस मात्र साचा नव्हता. पन्नाशीच्या कॅरे ह्यांनीं भाषांतरें पुन्हां पहिल्या ओळीपासून आरंभिलीं. त्यांचा बहुभाषी कोश तर पुन्हां कधींच उभा राहिला नाहीं. म्हणजे श्रद्धेनें गेलेलें सर्व परत मिळालें असें नाहीं. पुन्हां कामास बसण्याचें बळ मात्र मिळालें. संकटापासून धीर उत्पन्न होतो, असें पौलानें रोमकरांस लिहिलें आहे तें ह्याच अर्थानें.

विद्यार्थ्यांनो, प्रार्थना, सत्य व नित्याचा अभ्यास हे तुमचे ठसे होत. ते सुखाच्या दिवसांतच कोरून ठेवावे लागतात. आग लागल्यावर कोरावयास वेळ नसतो. आणि पालकांस आमची विनंती अशी कीं, मूल परीक्षेंत नापास झालें, तर त्यास टाकून न बोलतां पुस्तकाचें पहिलें पान उघडून त्याच्याजवळ बसावें.