गंगापूर धरणाकाठची सुला

अंधेरी पूर्वेला एन. एस. फडके मार्गावर ‘सुला विनयार्ड्स’चं नोंदणीकृत कार्यालय आहे. त्याच अंधेरीतल्या मरोळ, चकाल्याच्या गावठाणांत ईस्ट इंडियन घरांमध्ये नाताळसाठी वाइन घालून ठेवायची जुनी रीत आहे. तेव्हा उपनगराला वाइन परकी नाही. द्राक्षबागा पाहायच्या तर मात्र मुलुंड सोडून, कसारा घाट चढून नाशिक गाठायला हवं. शहराच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या जलाशयालगतच्या उतारांवर ही वायनरी उभी आहे.

सुलाचे संस्थापक राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, कॅलिफोर्नियात ‘ओरॅकल’मध्ये नोकरीला लागले आणि ती सोडून घरच्या या जमिनीवर आले. आधी त्यांनी आंबा लावला, खाण्याची द्राक्षं लावून पाहिली. मग १९९७मध्ये सॉव्हिन्यॉ ब्लां आणि शेनिन ब्लां या वाइनच्या जातींची लागवड केली. कॅलिफोर्नियातल्या सोनोमाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की मदतीला होते. पहिली वाइन २०००मध्ये बाजारात आली, ती सामंतांच्या आईच्या, सुलभाताईंच्या, नावावरून बेतलेलं नाव घेऊन.

महाराष्ट्रातला हा पहिला प्रयत्न नव्हे. १९८०च्या दशकातच शामराव चौगुले यांच्या ‘इंडाज’ने नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळती वाइन केली होती आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशी पाठवली होती. तो पायंडा विसरून सुलाची गोष्ट सांगता येत नाही.

पण मला या जागेचं खरं मोल दिसतं ते शेतीत. थॉमसनसारखं खाण्याचं द्राक्ष टपोरं, पातळ सालीचं, बिनबियांचं असतं. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं आणि बियांचं. बाजारात नेलं तर कुणी हातात धरणार नाही. लाल वाइनचा रंग त्या सालीतूनच उतरतो, म्हणून शिराझसारख्या जातीचा रस सालींसकट आंबवतात. पांढऱ्या वाइनसाठी आधी रस काढून घेतात आणि तो स्टीलच्या टाक्यांत थंड ठेवून सावकाश आंबवतात.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि तोडणी साधारण सप्टेंबरात होते. नाशिकचा वेल झोपतच नाही. म्हणून आपला बागायतदार त्याला दोनदा छाटतो. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, पाऊस ओसरला की फळछाटणी. त्यामुळे घड पिकतात जानेवारी ते मार्चमध्ये, कोरड्या उन्हात आणि गार रात्रींत. सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या या रात्रीच द्राक्षातली आंबटाई टिकवतात, आणि तिच्याशिवाय वाइन बेचव लागते. मधेच अवकाळी पाऊस आला की भुरी, केवडा या रोगांचं भय असतंच. हे सगळं नाशिकच्या शेतकऱ्याला सुला येण्याआधीच माहीत होतं. परदेशी जाती इथे रुजल्या त्याचं मोठं श्रेय या अनुभवाला आहे, आणि ते पुरेसं दिलं जात नाही याची मला खंत वाटते.

२००१च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने उत्पादन शुल्कात सवलत दिली. विंचूरला वाइन पार्क झालं, वायनऱ्या भराभर वाढल्या. पुढे २००८ची मंदी आली, मुंबईवरचा हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि मागणी कोसळली. अनेक वायनऱ्या बंद पडल्या. कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा तोडून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. इंडाजही त्या काळात सावरली नाही.

सुला टिकली. माझ्या मते त्याचं एक कारण म्हणजे तिने लोकांना थेट बागेत बोलावलं. २००५मध्ये इथे वाइन चाखण्याची खोली सुरू झाली, २००८मध्ये सुलाफेस्ट हा संगीतमहोत्सव, आणि नंतर मुक्कामाची सोयही झाली. शनिवार-रविवारी इथे मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. डिसेंबर २०२२मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली.

जायचं तर जानेवारी ते मार्चमध्ये, तोडणी चालू असताना जावं. गच्चीवर बसून जलाशय बघण्याआधी वेलींच्या ओळींतून हिंडावं आणि एखादा मणी चाखावा. तो किती गोड असतो याचं नवल वाटेल. एप्रिलमध्ये गेलात तर घड नसतील, छाटणी चालू असेल. तीही जरूर पाहावी, कारण पुढच्या हंगामाचे घड त्या छाटणीनंतर फुटणाऱ्या काड्यांतच ठरतात.